सहावीतला नेरी

सान पेद्रोच्या आमच्या वस्तीत पोरगं सातव्या वर्षी शाळेत जातं आणि बाराव्या वर्षी सहावी उरकतं; पुढे शाळाच नाही. गणवेशातल्या पोराला टोळीवाले हात लावत नाहीत, पण गणवेश उतरला रे उतरला की उचलून टोळीत घालतात. मक्याच्या भाकऱ्या विकणाऱ्या एर्मेलिंदाचा थोरला असाच गेला. प्रेत ओढ्यात सापडलं.

"धाकट्या नेरीला दरसाल नापास करा," तिने बाईंना बजावलं. बाईंनी तसंच केलं. पंधराव्या वर्षी मिसरूड फुटलं, तरी नेरी सहावीतच!

परवा शाळेच्या फाटकापाशी, आईच्या भाकऱ्यांच्या पाटीसमोरच, एका टोळीवाल्याने त्याची कॉलर धरली.

"मावशे, हा घोडा अजून शाळेत?"

"सहावीत आहे, मेल्या!" म्हणत तिने त्याच्या मनगटावर सरपणाचा कोयता घातला. त्याने दुसऱ्या हाताने तिला तिथेच गोळ्या घातल्या.

आईला पुरून आल्यावर नेरीने मिसरूड भादरलं, गणवेशावरचं तिचं रक्त धुतलं आणि सकाळी तो सहावीच्या वर्गात जाऊन बसला.