गॅलरीत दूध उतू गेलं त्याची हकिकत

परवा संध्याकाळी इथे चेन्नईत, मैलापुरात आमच्या अनघाच्या गॅलरीचं नवीन दालन उघडलं. दालन म्हणजे मोठी खोलीच हो, पण चित्रं लावली की दालन म्हणायचं... अनघा माझी नात, तिथे नोकरीला आहे.

जागा तिनेच शोधलेली, आमच्याच गल्लीत. पूर्वी तांदळाचं गोदाम होतं. तिच्या मालकीणबाई, मॅडम म्हणतात त्यांना, त्यांचं म्हणणं असं की या गल्लीत चित्रं बघायला कोण येणार? अनघा म्हणाली, गल्लीतलीच माणसं येतील की. मॅडम म्हणाल्या, बघू... त्या "बघू"पायी पोरीची झोप उडालेली.

सकाळी मी सहज विचारलं, नवीन वास्तू आहे, दूध उतू घालवलंत का? "आजी, गॅलरी आहे ती, घर नाही!" बरं बाई. मी पडले चौथी शिकलेली, गप्प बसले. गप्प बसणं जमतं मला... थोडा वेळ.

संध्याकाळी गाड्यांतून पाहुणे आले. काय एकेक साड्या! अशा कोऱ्या करकरीत सुती, की चित्रं सोडून मी काठच बघत होते... खरं सांगते, चित्रांतलं मला ओ की ठो कळेना.

पण गल्लीतलं कोणी येईना. मी जिच्याकडून रोज गजरा घेते ती सेल्वी, आमचे इस्त्रीवाले अण्णा, सगळे रस्त्यापलीकडे उभे राहून बघतायत. अनघा जाऊन बोलावून आली. ते हसले, मान डोलावली, आणि जागचे हलले नाहीत. काचेचं दार इतकं लख्ख पुसलेलं, चप्पल कुठे काढायची तेच त्यांना कळत नसणार!

आत मॅडम घड्याळ बघतायत. अनघाचं तोंड एवढंसं झालेलं... मला राहवेना. म्हटलं, दूध उतू गेलेलं नाही, दुसरं काय होणार!

मागे पाहुण्यांच्या कॉफीची छोटी खोली. तिथे दूध होतं, विजेची शेगडी होती. पातेलं ठेवलं. समुद्र कुठल्या बाजूला ते मला ठाऊक, म्हणजे पूर्व सापडली. तिकडे तोंड करून हात जोडले, डोळे मिटले... आणि दूध गेलं की हो उतू!

गेलं ते गेलं, पण शेगडीवर जळलं. धूर झाला, आणि छतावरचं कसलंसं यंत्र असं केकाटायला लागलं, की माझे हात जोडलेले तसेच राहिले.

कानांवर हात ठेवून सगळे पाहुणे बाहेर रस्त्यावर. आणि गल्लीतले? ते धावत आत! "पाट्टी आत आहे, पाट्टी!" सेल्वीचा आवाज मी ओळखला. इकडे आजीला पाट्टी म्हणतात. मागून अण्णा पाण्याची बादली घेऊन.

सेल्वी दारात थबकली, नाक वर करून वास घेतला. "पाट्टी, पाल पोंगिच्चा?" दूध उतू गेलं का, विचारत होती. म्हटलं, पोंगिच्चु, पोंगिच्चु! ती अशी हसली... इकडेही नव्या घरात दूध उतू घालवतात ना. आणि ते दूध घोटभर प्यायल्याशिवाय कोणी माघारी जात नाही.

यंत्र बंद झालं, पाहुणेही आत परतले. उरल्या दुधात साखर घालून मी कागदी कप भरले. आता हातात कप आला की माणूस कुठेतरी उभा राहणारच. चित्रांसमोर राहिला.

अनघा तावातावाने आली, "आजी, काय केलंस हे!" आणि दालनाकडे बघून तशीच थांबली. दालन भरलेलं! एका पांढऱ्या चित्रासमोर अण्णा विचारत होते, "हे अजून व्हायचंय का?" ज्याचं ते चित्र, तो चित्रकार तिथेच होता, तो हसता हसता खाली जमिनीवर बसला आणि त्यांना समजावू लागला. सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "मग ठीक आहे."

तेवढ्यात मॅडम आल्या. म्हटलं, आता पोरीची नोकरी गेली! त्यांनी सगळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाट्टी, माझ्यासाठी उरलंय का?" तळाचं होतं, करपट. प्यायल्या बाई! मग अनघाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी माणसं आली गं."

काल सकाळी गजरा घ्यायला गेले, तर सेल्वी म्हणाली, जरा टोपली बघ पाट्टी, काल घाईत बघणं झालं नाही नीट. आणि बहिणीला घेऊन शिरली ना गॅलरीत. दार ढकललं, चप्पल घालूनच!

मी आपली फूटपाथवर तिच्या जागी बसून फुलं राखत होते. दोघींचा बराच वेळ पत्ता नाही... इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! देव त्या दालनाचं भलं करो.