कडपा भिजल्या त्या दिवशी

हिवाळ्यात आमच्याकडे पाऊस आला की तो कोणाच्याच कामाचा नसतो. धान कापून बांधीत, म्हणजे भातखाचरात, पडलेला असतो. कापलेल्या धानाच्या त्या ओळींना आम्ही कडपा म्हणतो. दोन-चार दिवस ऊन खाऊन त्या वाळल्या की भारे बांधायचे आणि त्यांची गंजी, म्हणजे पुंजणं, रचायचं. त्या दिवसांत माणूस सकाळी उठल्याबरोबर आधी आभाळाकडे बघतो.

त्या वर्षी बाबा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरून पडले होते. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ते खाटेला लागले. मी सिरोंच्याला शाळेत शिकवते, घर सावलीजवळच्या खेड्यात. कापणी आईने मजूर लावून करून घेतली. समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"कडपा पडून आहेत माय. तुया बाले तं कूसही बदलता येत नाई. येतेस का?"

माझी आई मला 'ये' असं कधी म्हणत नाही. सकाळच्या पहिल्या बसने मी निघाले.

निघतानाच झिमझिम सुरू होती. आलापल्लीचा रस्ता त्या साली नवा करायला म्हणून खोदून ठेवला होता. मुरूम भिजला की त्याचा साबण होतो. जंगलात शिरल्यावर पावसाने जोर धरला आणि एका उतारावर बस उभी राहिली. पुढे एक ट्रक आडवा होऊन रुतला होता. त्याच्या पलीकडेही गाड्या, आणि थोड्याच वेळात आमच्या मागेही. मागे फिरायची सोय राहिली नाही.

"भाऊ, किती वेळ लागेल?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"जेसीबी आला तं निघन. पण त्याले बोलवाले इथी रेंज कुठी आहे?"

खिडक्यांच्या काचा धड लागत नव्हत्या. थंडीने बोटं वाकेनात. माझ्या शेजारी सिरोंच्याकडची एक तेलुगू म्हातारी होती, तिला मराठी चारच शब्द यायचे. मुलगी आलापल्लीला बाळंत झाली होती, तिच्यासाठी डबाभर अरिसेलु घेऊन ती चालली होती. आपल्या अनारशांसारखाच तो गुळाचा पदार्थ. दुपार कलली तसं तिने डबा उघडला. आधी पुढच्या सीटवरच्या लेकरांना दिलं, मग मला. "तिनु, तिनु," म्हणाली. मी नको म्हणत होते, पण तिने माझी मूठ उघडून त्यात ठेवलं. लेकीच्या डब्यात शेवटी काय उरलं, ते मी पाहिलं नाही.

कंडक्टरने सांगितलं, मागच्या टेकाडावर कधीकधी रेंज येते. चप्पल हातात घेऊन, ओढणी डोक्यावर धरून मी चिखलातून वर चढले. बऱ्याच खटपटीनंतर फोन लागला.

"बोल लवकर, हात वल्ले आहेत," आई ओरडून बोलत होती. म्हणजे ती बांधीत होती. "कुठवर आली?"

"बस फसली माय. जंगलात आहो."

"मंग तिथीच राह्य. पायी निघू नको."

"कडपा उचलल्या का?"

"उचलून राह्यलो. शेजारचे भाऊ आले, त्याची बायको आली. धुऱ्यावर ढीग लावला. ताडपत्री पुरत नाई."

मग तिने फोन कमरेला खोचला असावा. बंद करायचा राहून गेला. मी कानाला लावूनच उभी राहिले. वारा ऐकू येत होता, पाण्यातल्या पावलांचा चुबुक चुबुक आवाज, आणि आईचा श्वास. तिला दमा आहे. प्रत्येक भाऱ्यासरशी तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती.

"भाऊ, तिकडचं टोक धरा! धरा!"

ताडपत्री फडफडली. शेजारीण किंचाळली, "उडाली वो बाई, उडाली!"

"माय!" मी टेकाडावरून हाका मारत होते. "माय, सोड ते! घरी जा!" तिच्या कमरेला खोचलेल्या फोनला काय कळणार? नुसता पाऊस ऐकू येत राहिला. तो इथला की तिथला, तेही मला ओळखू येईना. मग रेंज गेली आणि पुन्हा आली नाही.

अंधार पडला तरी जेसीबी आला नाही. सकाळी त्याने येऊन ट्रक ओढून काढला. म्हातारी आलापल्लीला उतरली. आष्टी, चामोर्शी, गडचिरोली अशा गाड्या बदलत मी घरी पोचले, तेव्हा पाऊस थांबून चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. त्या उन्हाचा मला राग आला.

आई चुलीजवळ घोंगडी पांघरून बसली होती. ताप होता. "अर्धा वाचला," एवढंच म्हणाली. बांधीत गेले तर राहिलेल्या कडपा पाण्यावर तरंगत होत्या. लोंबी हातात घेतली तर दाणे मऊ लागले.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांच्या खाटेवर टेकले आणि बस कशी फसली ते सांगू लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तू तं दूर होती, बाई. मी तं इथीच होतो. टिनावर पानी वाजे अन् मी आयकत पडलो होतो. तुयी माय पडती तं मले कळलंही नसतं."

त्यांचं पांघरूण सरकलं होतं, ते मी नीट केलं.

आईला मी सावलीच्या दवाखान्यात नेलं. पाण्यातला धान काही दिवसांत काळा पडला, त्यातल्या बऱ्याच दाण्यांना मोड आले. जो वाचला तो मी अंगणात पसरून पायाने फिरवत राहिले. बाबांची खाट आम्ही दारात ओढली होती. एखादी गाय अंगणाकडे वळली की ते पडल्यापडल्या ओरडून हाकलायचे, आणि मी जवळ असले तरी मला उठू द्यायचे नाहीत.