झीलकऱ्याचा दम

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत लालबाग-परळात दर दोन चाळींमागे एक शाहीर होता, आणि दर शाहिरामागे माझ्यासारखे दोन झीलकरी. शाहिराचं कडवं संपलं की मागून ‘जी जी रं जी’ उचलायचं, आणि तो पुढच्या कडव्यासाठी दम घेईपर्यंत सूर खाली पडू द्यायचा नाही. एवढंच काम. एवढंच! हिंदमाता थेटरापाशी माझा जी मधेच असा तुटला, की अख्खी सभा हसली. ते हसणं अँटॉप हिलपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मी म्हणतो, त्याच्याही पुढे.

शाहीर मालवणकडचे, गिरणीत साचे म्हणजे माग चालवणारे. मला म्हणाले, "मेल्या, खांदे कित्याक उचलतस? दम पोटात घे!"

"घेतो की, बाबा."

"घेतस खंय? चिमणी पाणी पिता तसो घेतस!"

खोटं नव्हतं. मी कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे हवेत हवा कमी आणि तंतू जास्त. नाकाला फडकं बांधून वरच्यावर, चोरून श्वास घ्यायचा, हे माणूस पहिल्या आठवड्यातच शिकतो. तीन वर्षांत माझं पोट श्वास घेणं साफ विसरलं होतं.

मग शिकवणी सुरू झाली. पाळीवरून आलो की चाळीच्या गॅलरीत उताणं पडायचं, पोटावर आईचा वरवंटा. श्वास घेताना वरवंटा वर, सोडताना सावकाश खाली. छाती हलली की शाहिरांची चापट. फुगलेली बरगडी लगेच मिटू द्यायची नाही, दातांतून बारीक ‘स्स्स’ करत हवा सोडायची. आठवड्याभरात मी वरवंटा असा उडवू लागलो, की खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले. शाहीर मात्र हसले नाहीत.

"आयतवारी जी तुटलो," ते म्हणाले, "तर तू माझ्या वांगडा नाय." म्हणजे पुढे त्यांच्यासोबत उभं राहायचं नाही.

रविवारी परळच्या मैदानात मुंगीला जागा नव्हती. वक्ते दादरला अडकलेले, आणि त्यांच्या आधी पोलिसांची गाडी हजर. साहेब पुढे येऊन म्हणाला, "हा एक पोवाडा होऊ दे. तो संपला की मैदान रिकामं. नाहीतर लाठ्या आहेतच."

पुढच्या रांगांत सगळ्या बायका बसलेल्या. शाहीर आमच्या कानात पुटपुटले, "वक्ते येयसर संपवचो नाय. कडवी रचत ऱ्हवतंय." म्हणजे वक्ते येईपर्यंत पोवाडा ओढायचा होता.

पाठ होती ती चार कडवी संपली. मी जी उचलला, आणि शाहिरांना खोकला लागला. साच्यावरच्या माणसाचा खोकला तो, एकदा लागला की आटपत नाही. डफ थांबला. दुसरा झीलकरी लाठ्यांकडे बघत कधीच गप्प झालेला. साहेबाने हात वर केला.

पोवाडा आता माझ्या एकट्याच्या पोटात उरला होता. भीतीने खांदे वर चढू लागले, दम छातीत आला, सूर थरथरला. मी गुडघे सैल सोडले, पोट घट्ट धरलं आणि हवा सुताएवढी बारीक सोडत राहिलो. किती वेळ? तुणतुणेवाला म्हणतो, वीस मोजले. त्याला मोजता येत नाही. तेवढ्यात एक कावळा खांबावर बसला, कंटाळला आणि उडून गेला. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. शिपाई साहेबाच्या हाताकडे बघत होते आणि साहेब माझ्या तोंडाकडे.

"संपला का?" तो ओरडला.

"संपता कसो?" पुढची एक म्हातारी कडाडली. "कान नाय तुका? चाललोहा मा अजून!"

हवेचा शेवटचा धागा निसटत होता, तोच डफावर थाप पडली. शाहिरांनी तोंड पुसलं आणि पाचवं कडवं साहेबावरच रचलं: उंच, देखणा, मराठी आईच्या पोटचा. सहावं थेट त्या आईवर. साहेबाचा हात हळूहळू खाली आला. अकराव्या कडव्याला वक्ते व्यासपीठावर चढले, तेव्हा तो टोपी काखेत धरून बाराव्याची वाट बघत होता.

पोवाडा थांबला. रिवाजाने पाणी आधी शाहिराला, झीलकऱ्याला शेवटी. त्या दिवशी शाहिरांनी तांब्या उचलला आणि ओठांना न लावताच मागे, माझ्याकडे सरकवला.