चतुरांना पाट, पाणमांजराला बांबू

हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. सांडला तर मी दुसरा करणार नाही.

पवनारला आमचं शेत, शेतात छोटं तळं. त्यात मी मासोळीची पिल्लं सोडली आणि धाकट्या जाऊसमोर बोलून बसले, की दिवाळीला जावई येतील तेव्हा घरच्या तळ्याचीच मासोळी वाढीन. आणि पिल्लं? रोज कमीच दिसायला लागली!

चोर मी बसल्या जागी ठरवला. पाणमांजर. धाम नदी जवळ, दुसरं कोण येणार? तळ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं, हातात बांबू घेतला. धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, पाणमांजर आलं तं चिखलात पाय उमटतेत, खवले पडून राह्यतेत. इथं तं काईच नाई."

मी म्हटलं, हुशार आहे, पुसून जातं.

आणि तळ्यावर भिरभिरणाऱ्या चतुरांची ही झुंबड! त्यांच्यावर माझा भारी जीव. बिचारे डास खातात, मासोळी त्यांच्या तोंडात मावेल तरी का? त्यांना बसायला मी पाण्यात काड्या रोवल्या. शेपटीला दोरा बांधायला आलेली पोरं हाकलून लावली. गावभर सांगत सुटले, तळ्यावर एक चोर अन् एक साधू.

एका सकाळी जाते तर पाण्यातून ओलं काळं डोकं वर आलं. वर मिशा! मी कशाला थांबते? घातला बांबू.

"अवं, मी हाव! मारून टाकतं का मले?"

आमचे हे. गाळ किती साचला ते पाहायला टोपलं घेऊन उतरले होते. कपाळ धरून बाहेर आले, टोपलं माझ्यासमोर पालथं केलं. गाळात सहा पायांचे मातकट किडे वळवळत होते. एकाच्या जबड्यात माझ्या मासोळीचं पिल्लू.

"हे कुठून आले?" मी विचारलं.

ह्यांनी नुसतं बोट दाखवलं. मीच रोवलेल्या काडीवर तसाच एक किडा चढून बसला होता. पाठ उकललेली, आणि आतून ओला, मऊ चतुर बाहेर येत होता.

म्हणजे साधूची लेकरंच माझं तळं खात होती, आणि त्यांना बाहेर यायला शिडी मी लावून दिली होती!

दिवाळीला जावयांना पिठलं वाढलं. जाऊनं पिठलं दोनदा मागून घेतलं. जावयांनी आपलं सहज विचारलं, "आई, ते पाणमांजर दिसलं का मंग?"

"दिसलं ना," मी म्हटलं. "तुमच्या बाजूले जेवून राह्यलं. कपायावर खूण हाय पाहा अजून."