रिपोर्ट बरे असतील, माणूस घेऊन ये

बाबा आता ठीक आहेत, म्हणून हे मला शांतपणे सांगता येतंय. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी अर्ध्या वाक्यातच कुणाच्या तरी अंगावर धावून गेले असते. स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

आमचे फॅमिली डॉक्टर कर्वेनगरात एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर बसतात. मी त्यांना काका म्हणते. माझ्या गोवरापासून बाळंतपणापर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं आहे, आणि त्या हक्काने ते अजूनही भर पेशंटांसमोर "काय गं, वजन वाढलं का?" असं विचारतात. बाहेरच्या बाकावरची माणसं मग माझ्याकडे निरखून बघतात आणि आपापलं मत बनवतात.

आई होती तोवर ती दर तीन महिन्यांनी बाबांना ब्लडप्रेशरसाठी तिथे घेऊन जायची. बाबा टेबलापुढच्या खुर्चीत बसायचे. आई शेजारच्या खुर्चीत कधीच बसली नाही. तिची जागा मागे, भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर. काका विचारायचे, "झोप कशी आहे?" बाबा म्हणायचे, "उत्तम." मागे आई मान हलवून नाही म्हणायची. "गोड बंद आहे ना?" "केव्हाच." आई दोन बोटं वर करायची, म्हणजे काल दोन पेढे खाल्लेत. काका बाबांच्या मनगटावर बोट ठेवून, डोळे किंचित मिटून म्हणायचे, "पेढे खाल्लेले दिसतायत." बाबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस, एरवी कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. पण तीस वर्षं चारचौघांत सांगत राहिले, की आमच्या डॉक्टरांना नुसत्या नाडीवरून सगळं कळतं.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. कॅन्सर होता, चार महिन्यांत सगळं आटोपलं. बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकटे राहिले, तेही बिनलिफ्टच्या इमारतीत. काकांकडेही दर तीन महिन्यांनी एकटेच जायचे. मी राहते वाघोलीला. वाघोली पुण्यात आली असं महानगरपालिका म्हणते, पण कर्वेनगरातून तिकडे निघालेल्या माणसाला ते पटत नाही. दीड तास धरा, आणि वाटेत कुणाचं लग्न निघालं तर दोन. त्यामुळे मी फोन करायचे. रोज, जेवणाच्या सुट्टीत, न चुकता. "बरे आहात ना?" "हो." "जेवलात ना?" "हो." "गोळ्या घेतल्यात ना?" "हो गं." झालं, एका मिनिटात मुलगी मोकळी. मला स्वतःचं कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शिवाय मी त्यांची संपूर्ण तपासणी करून घेतली होती. आमच्या घराजवळच्या एका चकचकीत सेंटरमध्ये, रक्त, लघवी, कार्डिओग्राम, डोळे, सगळं एका सकाळीत, वर उपमा आणि चहा. फाइल लग्नाच्या अल्बमएवढी जाड. सगळं वयाच्या मानाने बरं, असा शेरा. त्यानंतर "काकांकडे जायचंय का?" असं मी बाबांना विचारलं, ते "कशाला आता" म्हणाले, आणि मला ते सोयीचंच वाटलं.

मग एके दिवशी दुपारी ऑफिसात काकांचा फोन.

"तुझे वडील दोन खेपा आले नाहीत."

मी म्हटलं, "काका, त्यांची पूर्ण तपासणी झालीये. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. हवं तर पाठवते तुम्हाला."

"रिपोर्ट बरे असतील. माणूस घेऊन ये," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मला राग आला. माझ्या रजा कोण मोजतंय, असं काहीतरी मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला बोललेसुद्धा. पण लहानपणापासून या माणसाचं ऐकायची सवय लागलेली. शनिवारी सकाळी गाडी काढली, बाबांना खाली बोलावलं. त्यांना खाली यायला फार वेळ लागला नाही. उतरताना त्यांना काहीच होत नव्हतं, हे मला नंतर समजलं.

दवाखान्यात बाबा आपल्या खुर्चीत बसले आणि मी, का कोण जाणे, मागच्या स्टुलावर. काकांनी पट्टा बांधला, हवा भरली, आकडा लिहिला.

"झोप?"

"उत्तम."

काकांची नजर बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. मी नुसती बसून. मला माहीतच नव्हतं.

"भूक?"

"चांगली."

पुन्हा नजर आली. मी खांदे उडवले. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, रागावून नाही, पण मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रोज एक मिनिट बोलणारी मी, वडील रात्री झोपतात की जागे असतात हे सांगू शकत नव्हते. माझा फोनवरचा प्रत्येक प्रश्न "ना"वर संपायचा. उत्तर मीच बांधून द्यायचे, बाबांनी फक्त हो म्हणायचं.

काकांनी मग पट्टा सोडला आणि गप्पांच्या सुरात विचारलं, "काय, या रविवारी मंडईतून काय आणलंत?"

बाबा निवृत्तीनंतर दर रविवारी बसने मंडईत जायचे, दोन पिशव्या भरून भाजी आणायचे. ते म्हणाले, "हल्ली नाही जात. कोपऱ्यावर येतो एक भाजीवाला. ताजी असते."

"कोपऱ्यावरची भाजी गुरंसुद्धा खाणार नाहीत, असं तुम्ही याच खुर्चीत बसून सांगितलं होतंत."

काकांनी पेन खाली ठेवलं. "कितव्या मजल्यापर्यंत चढवतं?"

बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या."

"मग?"

"मग थांबतो. छाती भरून येते. डावा हात जड होतो. कुणी जिन्यात आलंच तर चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवतो. पाच मिनिटांत जातं."

"किती दिवस झाले?"

"चार-पाच महिने."

चार-पाच महिने. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी त्या चकचकीत सेंटरमध्ये उपमा खात होते तेव्हाही. मी उठून उभी राहिले आणि काय काय बोलले ते आता आठवतही नाही. काका म्हणाले, "तू बस." मी बसले.

त्यांनी तिथेच कार्डिओग्राम काढला. तो ठीकच आला. "बसलेल्या माणसाचा आहे हा, बसल्यावर तुम्ही बरेच असता," असं म्हणून त्यांनी एका हॉस्पिटलात ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घरी जायचं नाही, जिना चढायचा नाही. इथून थेट तिकडे. आज अँजिओग्राफी करतील."

"मी जाणार नाही," बाबा म्हणाले.

अगदी शांतपणे म्हणाले. म्हणून मला जास्त भीती वाटली. चिडले असते तर मला भांडता आलं असतं.

"अहो, आता काय करायचंय?" ते काकांना म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. ही सुखात आहे. ती तर गेली. मला ठाऊक होतं काय आहे ते. म्हटलं, येत असेल तर येऊ दे."

मला ठाऊक होतं, म्हणाले. रोज "हो गं" म्हणणारा माणूस जिन्यात उभा राहून वाट बघत होता, आणि कशाची, ते मला आता त्या खोलीत कळत होतं. मला रडू फुटलं. काकांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तुमची बायको शेवटची माझ्याकडे आली ना," ते म्हणाले, "तेव्हा एकटीच आली होती. रिक्षाने. तुम्हाला सांगितलंही नसेल."

बाबांनी मान वर केली.

"मला वाटलं, तुमच्याबद्दल काहीतरी सांगेल. गोळ्या, पथ्य, नेहमीचं. तुमचा विषयसुद्धा नाही काढला. मला म्हणाली, आणखी सहा महिने मिळतील असं काही करता येईल का? दुखलं तरी चालेल, म्हणाली. मी नाही म्हणालो. मला सांगावं लागलं, की नाही. तिला हवे होते हो दिवस. तुम्हाला मिळतायत, आणि तुम्ही कोपऱ्यावरची भाजी खात बसलायत."

बाहेर कुणीतरी खोकत होतं. बाबांनी शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं. एका हाताने त्यांना ते लवकर जमेना, पण मी मदतीला गेले नाही. बटण लागल्यावर ते उठले आणि दाराकडे निघाले. मी गाडीची किल्ली शोधत मागोमाग.

गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. येतायत ते डॉक्टरांचा शब्द मोडवेना म्हणून, की मी रडले म्हणून, मला काही अंदाज लागेना. विचारायची छाती झाली नाही. नुसतं आणून सोडलेलं माणूस आणि स्वतःहून आलेलं माणूस यात फरक असतो, आणि तो फरक मला फार महत्त्वाचा वाटत होता.

हॉस्पिटलात त्यांना हिरवा गाऊन चढवला, सुई टोचली. हृदयरोगतज्ज्ञ आले, वयाने माझ्याहून लहान. आत काय सापडू शकतं, लागलं तर तिथेच स्टेंट कसा बसवतात, धोका किती, हे सगळं त्यांनी समजावून सांगितलं. संमतीचा कागद माझ्यापुढे केला आणि बाबांकडे वळून म्हणाले, "आजोबा, घाबरला नाहीत ना?"

मी मनात म्हटलं, आता म्हणतील नाही. उत्तम.

बाबांनी माझा हात धरला. बोटं गार पडली होती.

"घाबरलोय," ते म्हणाले. "खूप घाबरलोय."

माझ्या उभ्या आयुष्यात मला कशाचा इतका आनंद झाला नव्हता. मी सही केली. नर्सबाईंना दोनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे आम्ही हात सोडले.