गिटारीचा उन्हाळा

अकोल्याच्या आमच्या शास्त्रीय गिटार मंडळात गिटार एकच होती आणि सेक्रेटरीही एकच. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्याची कापलेली. कोणी शिकायला आला तर फुकट शिकवायचा. सिनेमाचं गाणं मागितलं की मात्र ऐकूच न आल्यासारखं करायचा.

एका मे महिन्यात तो गिटार घेऊन आमच्या घरी आला.

"कोरड्या हवेनं लाकूड तडकते. तुमच्या खिडकीले वाळ्याची ताटी हाये, इथं राहू द्या."

मग तो रोज भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून ताटीवर पाणी मारायला यायचा.

"वहिनी, गिटार कशी हाये?"

"बरी हाये. आमच्या साहेबाले काहून नाही विचारत कधी?" बायको म्हणायची.

"ते कुठं तडकून राहिले?"

एक दिवस नळच आला नाही. घरात माठभर पाणी उरलं होतं. "ते लेकराईले ठेवा," म्हणून त्यानं खांद्यावरची स्वतःची पाण्याची छागल ताटीवर रिकामी केली आणि तसाच उन्हात परत गेला.

जूनमध्ये मुंबईचे एक वादक आमच्या सभेला आले. मंडळाची गिटार त्यांनी उलटसुलट करून पाहिली. "एवढ्या उन्हात एक चीर नाही?"

सेक्रेटरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "भाऊच्या घरी होती."

सगळी सभा माझ्याकडे वळली. मी ताठ बसलो. महिनाभर मी त्या ताटीपुढे नुसता घोरलो होतो, हे सांगायला उठेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या. मग मीही वाजवल्या, त्याच्याकडे पाहून.