धुतलेली धूळ

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी धुळीवर प्रकल्प घेतला, तेव्हा माझ्या शिक्षणाबद्दल घरात पहिल्यांदा शंका आली. माझ्याआधी आमच्यातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे तिथे काय शिकवतात ते मी सांगेन तेच खरं होतं. आई दिंडोरीजवळच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. ती म्हणाली, "धूळ शिकायला नाशिकला कशाला जायचं? हितं काय कमी हाय?"

मी तिला प्रकल्पाच्या सरांनी सांगितलं तसंच सांगायचा प्रयत्न केला. ढगातला पाण्याचा थेंब शून्याखाली गेला तरी लगेच गोठत नाही. त्याला आधाराला धुळीचा कण लागतो. कणाला धरून बर्फ सुरू होतो, आणि त्यातूनच पुढे गारा होतात. पण कणावर कशाचा थर बसला असेल तर? सरांचा अंदाज होता की सातपूरच्या कारखान्यांचा धूर रस्त्यावरच्या धुळीवर बसत असणार आणि अशी धूळ बर्फाला नीट धरत नसणार. गारांचं नाव निघाल्यावर आई नीट ऐकायला लागली. गारांनी झोडपलेली बाग तिने पाहिली होती.

मी दोन पिशव्या भरल्या, एक आमच्या गावच्या वाटेवरच्या धुळीची आणि एक सातपूरची. चाळायला घरी आणल्या. रविवारी सकाळी दोन्हींतली थोडी थोडी बाटल्यांत भरून ठेवली आणि सोमवारी कॉलेजात नेली.

आमचं यंत्र म्हणजे एक पातेलं. त्यात फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, वर व्हॅसलीन लावलेली पत्र्याची थाळी, थाळीवर धूळ कालवलेल्या पाण्याचे थेंब. थेंब गोठला की एकदम पांढरा होतो. गावचे थेंब पटापट पांढरे झाले. सातपूरचे मात्र थर्मामीटरचा पारा कितीतरी खाली गेला तरी काचेसारखे स्वच्छ. सर एवढे खूश झाले की त्यांनी मिठाच्याच हाताने माझी पाठ थोपटली. "धूर सापडला," ते म्हणाले. "शनिवारी ये. एम.एस्सी.साठी पुण्याला शिफारसपत्र देतो तुला."

ते पत्र मिळालं तर मी पुण्याला जाणार होते. नाहीतर मामाच्या ओळखीने कुठेतरी कारकून.

घरी जाऊन आनंदाने सांगितलं. आई भाकरी थापत होती. "गोठणार कशी?" ती म्हणाली. "ती बाटलीतली काळी धूळ मी साबणानं धुतली ना. तीनदा खळबळून, फडक्यातनं गाळून वाळवली."

"का गं आई?"

"एवढी घाण आपल्या घरातनं कॉलेजात न्यायची? सर काय म्हणतील, हिच्या घरात काय पद्धत?"

मी जेवले नाही असं लिहिलं तर शोभेल, पण जेवले. फक्त चव लागली नाही. आईने काही मुद्दाम केलं नव्हतं, आणि सरांना तरी कसं कळणार होतं? मी चार दिवस न सांगायची कारणं शोधली. एक-दोन बरी सापडलीही. शनिवारी सरांसमोर उभी राहिले तेव्हा मात्र त्यातलं एकही आठवेना, आणि मी सगळं सांगून टाकलं.

सरांनी पातेलं पुढे ओढलं. "न धुतलेली सातपूरची उरलीय?"

"आहे, सर. घरी."

"सोमवारी आण. आणि आईलाही आण."

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि बोलणी खायच्या तयारीने शेरभर द्राक्षं घेतली. पण सर रागावले नाहीत. त्यांनी तिला बेसिनपाशी उभं केलं आणि गावची धूळ धुवायला सांगितली. स्वतः वही घेऊन शेजारी थांबले.

"साबण किती घेता?"

"बोटाला येईल तेवढा."

"म्हणजे किती?"

"आता बोट काय तराजू हाय का, सर?"

सरांनी तिच्या बोटावरचा साबण खरवडून तराजूत घातला आणि आकडा लिहिला. थेंब ठेवले. न धुतलेली सातपूरची धूळ गावच्या धुळीसारखीच चटकन गोठली. धूर काही सापडला नाही. आईने धुतलेली गावची धूळ मात्र थेंबांत न गोठता तशीच बसून राहिली. नुसत्या साबणाच्या पाण्याचे थेंबही सरांनी करून पाहिले; ते साध्या पाण्याच्या थेंबांइतक्याच थंडीत गोठले, म्हणजे पाण्यातल्या साबणाचा हा परिणाम नव्हता. मग सर म्हणाले, "तीनदा खळबळूनही कणावर पातळ थर उरलाय. थर कसलाही असो, बर्फाला जागा मिळत नाही."

आई वाकून पाहत होती. "मग गारांच्या ढगाला साबण लावता येईल का?"

"एवढी मोठी बादली नाही माझ्याकडे," सर म्हणाले.

पत्र त्यांनी तिथेच लिहिलं. परतीच्या एसटीत आईने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटून दुसरी ओळ अशी होती की, हिने आपल्या निष्कर्षातली चूक कुणी न विचारता स्वतः सांगितली.

"चूक कशाला लिहायची?" आई रागावली. "मग कोण घेईल तुला तिथं?"

"घेतील गं. चांगलंच लिहिलंय ते."

तिचा विश्वास बसला नाही. दिंडोरी जवळ आल्यावर म्हणाली, "धूळ आपल्या घरातनं आली, असं लिहिलंय का?"

"नाही."

"मग दे पाठवून."